इक्बालांची खुदी आणि निकाहनाम्यातला अठरावा रकाना



लाहोरहून ९ एप्रिल १९०९ रोजी एका तरुण बॅरिस्टराने मुंबईच्या एका बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. केंब्रिजची पदवी, म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद घेऊन तो आदल्याच वर्षी परतला होता. वय एकतीस. आपलं आयुष्य अत्यंत दुःखाचं झालं आहे, असं त्याने लिहिलं. घरचे लोक बायकोला आपल्या गळ्यात बांधू पाहताहेत. मी नको म्हणत असताना माझं लग्न लावून देण्याचा तुम्हाला काही हक्क नव्हता, असं आपण वडिलांना कळवलं आहे. तिला पोसायची तयारी आहे, पण तिला जवळ ठेवून जन्माचं मातेरं करून घ्यायची नाही. माणूस म्हणून सुखावर आपला हक्क आहे, आणि समाज किंवा निसर्ग तो नाकारणार असेल तर आपण दोघांनाही जुमानणार नाही.

पत्र लिहिणारे महंमद इक्बाल. ज्यांना लिहिलं त्या अतिया फैजी. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांची ही धाकटी बहीण. तिनेच पुढे १९४७ मध्ये इक्बालांची पत्रं मुंबईत छापली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात.

या पत्रानंतर सहा वर्षांनी, १९१५ मध्ये, इक्बालांचं ‘असरार-ए-खुदी’ हे फारसी काव्य लाहोरला प्रसिद्ध झालं आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाला नाव मिळालं. मला मात्र त्या तत्त्वज्ञानाचा पहिला उच्चार या पत्रात ऐकू येतो. एक माणूस उभा राहून म्हणतो आहे की माझ्या आयुष्याचा निर्णय माझा आहे. वडील असोत, बिरादरी असो, नशीब असो, मला ओलांडून कुणी तो घेऊ नये.

आता त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पाहा. तिचं नाव करीमबीबी. पंजाबातल्या गुजरात शहरातल्या एका प्रतिष्ठित डॉक्टरांची मुलगी. १८९३ मध्ये तिचं लग्न झालं तेव्हा नवरा शाळकरी वयाचा होता. दोन मुलं झाली. पुढे तिचे दिवस बहुतेक माहेरीच गेले. लग्नाआधी तिला कुणी विचारलं असेल असं समजायला काहीच जागा नाही. माणूस म्हणून सुखावर तिचाही हक्क होता. तो सांगणारं तिचं पत्र आपल्यासमोर नाही.

आजचं माझं बोलणं या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. इक्बालांनी खुदीचं जे तत्त्वज्ञान मांडलं ते करीमबीबीच्या हाती दिलं तर काय होतं? आजच्या मुस्लिम बाईच्या हाती दिलं तर? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. ते तिच्या फार उपयोगाचं आहे. पण त्यासाठी इक्बालांनी बायकांना उद्देशून जे लिहिलं ते बाजूला ठेवून, त्यांनी माणसाला उद्देशून जे लिहिलं ते तिने आपल्याला उद्देशून लिहिलं आहे असं समजून वाचायला हवं.

खुदी म्हणजे काय हे थोडक्यात सांगावं लागेल. फारसी आणि उर्दू काव्याच्या परंपरेत ‘खुदी’ला मान नव्हता. अहंता, मीपणा असाच तिचा अर्थ, आणि तो जाळून टाकणं हे सूफी साधकाचं ध्येय. इक्बालांनी ही परंपरा उलटी केली. माणसाचं स्वत्व ही विझवायची आग नाही, ती वाढवायची शक्ती आहे, असं ते म्हणाले. थेंबाने समुद्रात मिसळून नाहीसं व्हायचं, ही जुन्या कवींची आवडती कल्पना. इक्बालांना शिंपल्यातला मोती हवा होता, समुद्रात राहूनही स्वतःचा आकार राखणारा. त्यांनी हाफिजवरही टीका केली आणि त्यावरून एवढं वादळ उठलं की पुढच्या आवृत्तीतून तो भाग त्यांना काढावा लागला.

केंब्रिजचे प्राध्यापक निकल्सन यांनी १९२० मध्ये या काव्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यांच्यासाठी इक्बालांनी आपलं म्हणणं गद्यात लिहून दिलं होतं. मला ते टिपण कवितेइतकंच मोलाचं वाटतं. त्यात त्यांनी एक कसोटी दिली आहे. जे व्यक्तित्वाला बळ देतं ते चांगलं आणि जे त्याला दुबळं करतं ते वाईट. धर्म, नीती, कला, सगळं या कसोटीवर घासून पाहायचं. खुदी कशाने वाढते? प्रेमाने, धैर्याने, स्वतःच्या कष्टाच्या कमाईने, नवं काही घडवण्याने. कशाने खचते? भीतीने, गुलामीने, कुळाच्या अभिमानाने आणि याचनेने.

याचनेचा अर्थ त्यांनी फार पुढे नेला आहे. स्वतःच्या श्रमाशिवाय जे मिळतं ते सगळं याचनेत जमा. श्रीमंताचा मुलगा वारशाने मिळालेल्या पैशावर जगत असेल तर तोही याचकच. आणि जो दुसऱ्याच्या डोक्याने विचार करतो, तोही.

दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणारा याचक, हे वाक्य वाचलं की मला आपल्याकडच्या बायकांचं सगळं शिक्षण आठवतं. मुलीने काय वाचायचं हे भाऊ ठरवणार, कुराणाच्या आयतीचा अर्थ मौलवीसाहेब सांगणार, लग्न कुणाशी करायचं ते वडील पाहणार, आणि एवढं सगळं दुसऱ्यांनी ठरवून झाल्यावर तिला समजूतदार म्हणून शाबासकी मिळणार. हे फक्त मुसलमानांच्या घरात होतं असं नाही. दुधात साखर विरघळावी तशी सून सासरी विरघळली पाहिजे, हे वाक्य या सभागृहातल्या बहुतेक बायकांनी आपापल्या घरी ऐकलेलं असणार, मग आडनाव कुठलंही असो. त्या विरघळण्याला आपण सद्गुण मानलं. इक्बालांच्या कसोटीवर तो खुदीचा नाश आहे.

इथे इक्बालांची अडचण येते आणि ती टाळून मला पुढे जाता येणार नाही. १९३६ च्या ‘जर्ब-ए-कलीम’ या उर्दू संग्रहात बायकांवर एक स्वतंत्र विभाग आहे. विश्वाच्या चित्रात रंग आहे तो बाईमुळे, असं तिथे ते म्हणतात, आणि हे कडवं आपल्याकडे मुलींच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये हमखास म्हटलं जातं. पण त्याच कवितेचा निष्कर्ष असा की तत्त्वज्ञानाचे ग्रंथ तिला लिहिता आले नाहीत, पण ते लिहिणारे तिच्या पोटी जन्मतात. दुसऱ्या एका कवितेत ते सांगतात की बाईचं रक्षण ना पडदा करू शकतो ना शिक्षण, ते करू शकतो फक्त पुरुष. आणखी एका कवितेत बायकांवर होणाऱ्या जुलमाचं आपल्यालाही दुःख होतं अशी कबुली आहे, आणि लगेच पुढे, ही गाठ सुटणं शक्य नाही.

तुम्ही जरा विचार करा. हा तो कवी आहे ज्याने आयुष्यभर सांगितलं की नशीब म्हणून हात टेकू नका, तुमची खुदी एवढी उंच न्या की नशीब लिहिण्याआधी खुदाच तुम्हाला तुमची इच्छा विचारील. गुलाम देशातल्या कोट्यवधी माणसांना त्याने सांगितलं की साखळी तोडणं शक्य आहे. आणि बाईच्या बाबतीत तोच कवी म्हणतो की गाठ अवघड आहे, सुटायची नाही.

या विसंगतीमुळे अनेक अभ्यासक बायांनी इक्बालांना सोडून दिलं आणि त्यांचा राग मला समजतो. दुसरीकडे भक्त मंडळी या कविताच खऱ्या, बाकीची खुदी पुरुषांसाठी, असं सांगतात. मला दोन्ही मान्य नाही. ज्याने कसोटी दिली त्याची मतंही त्याच कसोटीवर घासायची. बाईचं रक्षण फक्त पुरुष करू शकतो, हा विचार तिच्या व्यक्तित्वाला बळ देतो की दुबळं करतो? उत्तर उघड आहे. इक्बालांच्या टिपणाप्रमाणे तो विचार टाकाऊ ठरतो, आणि तसं ठरवणारी बाई दुसऱ्याच्या डोक्याने विचार करत नसते. ती इक्बालांची जास्त खरी वाचक आहे.

शिवाय इक्बालांच्या लिखाणातच असं बरंच काही आहे, जे त्यांच्या या कवितांना पुरून उरतं.

जानेवारी १९२९ मध्ये मद्रासमध्ये त्यांनी इंग्रजीतून व्याख्यानं दिली, पुढे आणखी काही ठिकाणी दिली, आणि १९३० मध्ये त्यांचं पुस्तक झालं. इस्लाममधल्या धार्मिक विचाराची पुनर्रचना असा त्याचा विषय. तिसऱ्या व्याख्यानात आदमच्या गोष्टीची चर्चा आहे. स्वर्गातल्या बागेतून माणूस हाकलला गेला, ती गोष्ट. इक्बाल दाखवून देतात की कुराणात साप नाही आणि आदमच्या बरगडीतून बाई निर्माण झाल्याची कथाही नाही. त्यांच्या मते ही गोष्ट पापाची नाहीच. सहजप्रवृत्तीच्या पातळीवर जगणारा प्राणी पहिल्यांदा शंका घेऊ शकला, अवज्ञा करू शकला, आणि तिथे स्वतंत्र खुदीचा जन्म झाला. माणसाने केलेली पहिली अवज्ञा हीच त्याची पहिली स्वतंत्र निवड, म्हणून ती त्याला माफ झाली.

बाई बरगडीतून झाली, म्हणजे ती नंतरची, पुरुषातून आलेली, पुरुषासाठी झालेली. तिच्यामुळे स्वर्ग गेला, म्हणजे ती मोहात पाडणारी. कितीतरी घरांमध्ये मुलींना हे दोन्ही धर्म म्हणून सांगितलं जातं. एका विख्यात मुस्लिम विचारवंताने १९२९ मध्ये भर सभेत सांगितलं होतं की पवित्र ग्रंथात हे नाही. याचा पुढचा अर्थ त्यांनी स्वतः काढला नाही. तो लाहोरच्याच एका मुलीने काढला.

रिफअत हसन यांनी इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठात इक्बालांच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिला आणि १९६८ मध्ये डॉक्टरेट घेतली. तोपर्यंत त्या इक्बालांच्या अभ्यासक होत्या, एवढंच. १९७४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या विद्यापीठात शिकवताना मुस्लिम विद्यार्थी संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांना एका परिसंवादात निबंध वाचायचा होता. विषय वाटून देताना मुलांनी त्यांना ‘इस्लाममधली स्त्री’ हा विषय दिला. बाई आहेत, तर बायकांवर बोलतील, एवढाच त्यामागे विचार. इतर गहन विषयांवर बाईने बोलावं हे मुलांना पटत नव्हतं, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. त्यांनी तो विषय घेतला आणि कुराणात माणसाच्या निर्मितीबद्दल जिथे जिथे येतं ते सगळं काढून वाचायला बसल्या. पुरुष आधी आणि बाई नंतर असं त्यांना कुठेच सापडलं नाही. बरगडीची कथा आली ती हदीसच्या ग्रंथांमधून, आणि तिचं नातं बायबलमधल्या कथेशी. त्या एका निबंधातून आयुष्यभराचं काम सुरू झालं. पाकिस्तानात बायकांना जाळण्याच्या, इज्जतीच्या नावाखाली मारण्याच्या घटना वाढल्या तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी अशा बायकांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. इक्बालांवरचं प्रेम त्यांनी कधी सोडलं नाही. इक्बालांनी उघडलेल्या दारातून इक्बाल स्वतः आत गेले नाहीत, त्या गेल्या.

सहावं व्याख्यान कायद्यावर आहे. इज्तिहाद, म्हणजे धर्मग्रंथाच्या आधारे नव्या काळासाठी स्वतः विचार करून नियम काढणं, हा हक्क जुन्या फुकहांपाशी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांपाशी, संपला नाही, तो प्रत्येक पिढीचा आहे, हे त्याचं सूत्र. तिथे ते पंजाबातली एक गोष्ट सांगतात. नवरा नांदवत नाही, सोडतही नाही. हनफी कायद्याप्रमाणे बाईला त्याच्यापासून सुटायला वाट जवळजवळ नाही. मग काही बायका धर्म सोडल्याचं जाहीर करत, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटत असे. इक्बाल विचारतात की आपला प्रसार करू पाहणाऱ्या धर्माला याहून विपरीत काय असेल? मोकळं होण्यासाठी बाईला ईमान टाकावं लागावं, हे त्यांना सहन झालं नाही. हीच गोष्ट उलेमांनाही टोचत होती, आणि अखेर १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्चाला देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर बाई न्यायालयातून घटस्फोट मागू शकते. हा कायदा आजही भारतात लागू आहे आणि किती बायकांना तो माहीत नाही याची मला खंत वाटते. इक्बाल तो झालेला पाहायला उरले नव्हते. २१ एप्रिल १९३८ रोजी ते गेले.

त्याच व्याख्यानात तुर्की कवी झिया गोकाल्प याची मागणी त्यांनी मांडली आहे: घटस्फोटात, विभक्त होण्यात आणि वारशात बाईला पुरुषाच्या बरोबरीचा हक्क हवा. वारशाच्या बाबतीत इक्बाल त्याला विरोध करतात. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो तो तिला कमी लेखून नव्हे, मेहर आणि पोटगी हिशेबात धरून, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याच्या भरवशावर न जगणाऱ्या आजच्या बाईला हा हिशेब लागू पडत नाही, असं मला वाटतं. घटस्फोटाबद्दल मात्र ते जे सांगतात ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखं आहे. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. लग्नाच्या वेळी बाई काही अटी घालून तलाकचा अधिकार नवऱ्याकडून स्वतःकडे घेऊ शकते आणि अशा रीतीने या बाबतीत त्याच्या बरोबरीला येऊ शकते. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, भाषेत याला तफवीज म्हणतात. हे इक्बालांनी शोधून काढलेलं नाही, ते जुनंच आहे. त्यांनी ते सभेत, सगळ्यांना कळेल असं सांगितलं.

आता माझ्या शीर्षकातल्या रकान्याकडे येते. १९६१ मध्ये पाकिस्तानात मुस्लिम कुटुंब कायद्याचा अध्यादेश निघाला आणि निकाहनाम्याचा छापील नमुना ठरला. त्यातला अठरावा रकाना विचारतो: नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे काय, आणि दिला असल्यास कोणत्या अटींवर? एकोणिसावा विचारतो: नवऱ्याच्या तलाकच्या अधिकारावर काही मर्यादा घातली आहे काय? इक्बालांच्या मुद्द्याचा इथे सरकारी कागद झाला.

त्या कागदाचं पुढे काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. निकाहच्या दिवशी घरात गर्दी. काझीसाहेब नाव, वय, मेहरची रक्कम, साक्षीदार असं भरत जातात. अठरावा रकाना आला की कित्येकदा पेन थांबत नाही. तिरपी रेघ ओढली जाते, एकावरून पुढच्या चारपाच रकान्यांवरून, आणि मग कागद आतल्या खोलीत नवरीपाशी सहीला जातो. तिच्या डोळ्यांसमोर तो येतो तेव्हा रेघ ओढून झालेली असते. बहुतेक वेळा तिला ती दिसतही नाही, कारण कुणीतरी वरच्या बाजूला हात ठेवून सही कुठे करायची ते दाखवत असतं. विचारलंच तर उत्तर तयार असतं. अशा मंगल वेळी तलाकची भाषा कशाला? मुलीकडच्यांना आमच्यावर भरवसा नाही का? पंजाब प्रांताला २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून निकाह रजिस्ट्रारवर सगळे रकाने नीट भरण्याची जबाबदारी टाकावी लागली, न भरल्यास शिक्षा ठेवावी लागली.

कायदा तिच्या बाजूने, धर्म तिच्या बाजूने, छापील कागद तिच्या बाजूने, आणि तरी तिचा हक्क एका रेघेने जातो. इथे कमी काय पडलं? कमी पडली ती खुदी. कागद हातात घेऊन, थांबा, हा मला वाचू द्या, असं म्हणण्याची ताकद. ही ताकद कायदा देत नाही. खुदीला खचवणाऱ्या गोष्टींतली पहिली गोष्ट भीती, आणि निकाहच्या दिवशी त्या मुलीच्या मनात भीतीच असते. वडिलांचा चेहरा पडेल, वरात परत जाईल, बिरादरी बोलेल.

दोष मात्र त्या एकट्या मुलीवर टाकून चालणार नाही. इक्बालांनी १९१८ मध्ये ‘रुमूज-ए-बेखुदी’ हे दुसरं काव्य लिहिलं ते यासाठीच. व्यक्ती समाजातच घडते. एकटा मोती कुठल्याही समुद्राशिवाय तयार होत नाही. मुलीच्या शेजारी उभा राहून, काझीसाहेब, रेघ ओढू नका, असं म्हणणारा भाऊ असेल, तर तिच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागणार नाही. ज्या घरात मुलीने दहा वर्षांची असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं, त्या घरातली मुलगी वीस वर्षांची झाल्यावर रकाना वाचते.

पाकिस्तानातल्या बायकांनी ही खुदी रस्त्यावर उतरूनही दाखवली. जनरल झियांच्या राजवटीत १९७९ चे हुदूद, म्हणजे इस्लामी शिक्षांचे, अध्यादेश आले, मग आर्थिक व्यवहारात दोन बायकांची साक्ष एका पुरुषाइतकी धरणारा साक्षीचा कायदा येऊ घातला. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवर बायकांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या मारल्या, अश्रुधूर सोडला. इक्बाल ज्या शहरात राहिले त्याच शहरात, ज्या राष्ट्राने त्यांना राष्ट्रकवी म्हणून टपाल तिकिटांवर छापलं त्याच राष्ट्राच्या पोलिसांनी.

इक्बालांचं नाव घेताना आपल्याकडे काही जणांच्या मनात अढी येते, कारण १९३० चं अलाहाबादचं भाषण आणि पुढची फाळणी. ती अढी मी खोटी म्हणत नाही. पण भिवंडी, मालेगाव, मुंब्र्याच्या उर्दू शाळांत सकाळच्या प्रार्थनेला आजही मुली इक्बालांची ‘बच्चे की दुआ’ म्हणतात. उजेड पसरवणारं आयुष्य मागतात, विद्येचं वेड मागतात, गोरगरिबांची बाजू घेण्याचं बळ मागतात, आणि हे सगळं ‘मी’ म्हणून मागतात.  तो ‘मी’ पुढे सातवी-आठवीत आल्यावर कुठे जातो, हा प्रश्न आपला आहे, सरहद्दीपलीकडचा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक वेगळं उत्तर फार पूर्वी मिळालं होतं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. दलवाईंना इक्बालांचा आधार नको होता, कुठल्याच धर्मग्रंथाचा नको होता. संविधान पुरे, असं त्यांचं म्हणणं. सात बायका घेऊन निघालेल्या त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, आणि कायदा सर्व नागरिकांना सारखा हवा या मागणीशी माझं भांडण नाही. पण मी ज्या बायकांमध्ये वावरते त्यांतल्या बहुतेकजणी नमाजी आहेत. ईमान आणि हक्क यांतलं एक निवड, असं त्यांना म्हटलं की त्या ईमान निवडतात आणि घरी जातात. इक्बाल त्यांना ती निवड करायला लावत नाहीत. अल्लाहने तुला आपली खलिफा, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून पृथ्वीवर पाठवलं आहे, असं ते माणसाला सांगतात. खलिफा झालेली बाई परवानगीची वाट पाहत बसत नाही.

हाजी अलीच्या दर्ग्यात आतल्या मजारपर्यंत जायला बायकांना बंदी घातली गेली तेव्हा मुंबईच्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी एका हातात संविधान आणि दुसऱ्या हातात धर्म, असं दोन्ही धरलं. २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर त्या आत गेल्या. याच संघटनेने बायकांना काझीचं प्रशिक्षण द्यायलाही सुरुवात केली. निकाहनामा भरणारं पेनच बाईच्या हातात असेल, तर अठराव्या रकान्याचं काय होईल?

पुन्हा इक्बालांच्या काव्याकडे येते. १९३२ चं ‘जावीदनामा’ हे फारसी काव्य म्हणजे मौलाना रूमींचा हात धरून कवीने केलेला ग्रहांचा प्रवास. मंगळावर त्यांना एक बाई भेटते. ती बायकांना पुरुषांचं, मातृत्वाचं जोखड फेकून द्या असं सांगत असते, आणि ती खोटी प्रेषित आहे असं कवी दाखवतो. तिथे इक्बालांची भीती बोलते. पण गुरूच्या कक्षेत मन्सूर हल्लाज आणि गालिब यांच्याबरोबर तिसरा आत्मा आहे तो ताहिराचा. इराणमधली ही कवयित्री, विदुषी. १८४८ मध्ये बदश्तच्या सभेत ती पुरुषांसमोर बुरख्याशिवाय आली आणि १८५२ मध्ये तेहरानला मारली गेली. तिचा बाबी पंथ इक्बालांच्या श्रद्धेत बसणारा नव्हता. तरी स्वर्गात स्वस्थ बसणं नाकारून सदैव भटकत राहणाऱ्या तीन आत्म्यांत त्यांनी तिला बसवलं, तेही गालिबच्या मांडीला मांडी लावून. आणि स्वर्गात माणकांचा महाल कुणाचा? लाहोरच्या शरफुन्निसाचा, जी कुराण वाचताना कमरेची तलवार उतरवत नसे. स्वतःचं रक्षण स्वतः करणारी ही बाई ‘जर्ब-ए-कलीम’मधल्या मताला त्याच कवीने आधीच दिलेलं उत्तर आहे.

अतियाबेगमबद्दल दोन शब्द सांगायचे राहिले. १९०६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती लंडनला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गेली आणि आपली रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या बायकांच्या साप्ताहिकात छापत राहिली. हेडलबर्गला जाऊन इक्बालांशी तत्त्वज्ञानावर वाद घातला. १९१२ मध्ये तिने स्वतः निवडलेल्या माणसाशी लग्न केलं. तो पुण्यात जन्मलेला बेने इस्राएल चित्रकार, सॅम्युएल रहामीन. त्याने इस्लाम स्वीकारला आणि बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडून फैजी-रहामीन झाला. १९०९ मध्ये इक्बाल आपलं दुःख जिला लिहीत होते, ती खुदीचं तत्त्वज्ञान लिहिलं जाण्याआधीच ते जगत होती. कदाचित त्यांनी ते थोडंफार तिच्याकडे पाहूनही उचललं असेल. मला तसं मानायला आवडतं.

एक मागणी करते आणि थांबते. इक्बालांच्या सहाव्या व्याख्यानातली निकाहाच्या कराराबद्दलची आणि पंजाबातल्या बायकांबद्दलची पानं साध्या मराठीत आणि उर्दूत छापावीत. आपल्याकडच्या न्यायालयांनीही तफवीजचे करार मान्य केलेले आहेत, तेही त्यात यावं, आणि १९३९ च्या कायद्यातली कारणंही. ही छोटी पुस्तिका निकाहच्या आदल्या दिवशी उपयोगाची नाही. साखरपुडा ठरला की मुलीच्या हातात पडावी, म्हणजे तिला वाचून विचार करायला, आईशी, बहिणीशी बोलायला वेळ मिळेल. आणि मेहरची बोलणी ठरतात त्या बैठकीला तिला बाहेरच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसवावं, अटी तिने स्वतः सांगाव्यात आणि त्या लिहून घेईपर्यंत कुणी उठू नये.